इंग्रजी संभाषणातील भूतकाळ : नित्याच्या काही प्रयोगांचा विचार

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकात भूतकाळ एका कोष्टकात मावतो. साधा, अपूर्ण, पूर्ण आणि चालू-पूर्ण अशी चार घरे, प्रत्येक घरात एकेक क्रियारूप आणि त्याखाली उपयोगाचे दोन-चार नियम, एवढ्यावर विद्यार्थ्याची सुटका होते. परंतु इंग्लंडातला किंवा अमेरिकेतला सामान्य माणूस गतगोष्टींविषयी बोलू लागला म्हणजे अर्थाचा बराचसा भार या कोष्टकाबाहेरच्या प्रयोगांवर पडलेला दिसतो. 'अगो', 'द अदर डे', 'यूज्ड टु', 'वुड', 'बॅक इन द डे' हे ते प्रयोग. ते इतके अंगवळणी पडलेले असतात की व्याकरणकार त्यांना तळटीपेत घालतात आणि कोशकार एका ओळीत त्यांचा निकाल लावतात. मराठी अभ्यासकाचे इंग्रजी वाचन अडते ते मात्र बहुधा याच ठिकाणी. रूप ओळखता येते, शब्दाचा अर्थही ठाऊक असतो, आणि तरीही वाक्यातून जे सुचविले गेले ते हातून निसटते.

या प्रयोगांकडे एकत्र पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. क्रिया केव्हा घडली हे सांगणे हे त्यांचे मुख्य कार्य नव्हे. ती गोष्ट बोलणाऱ्याच्या आजच्या घडीपासून तुटलेली आहे की तिच्याशी जोडलेली आहे, आणि तुटलेली असल्यास किती दूर गेली आहे, हे सांगण्यासाठी ते प्रामुख्याने योजले जातात. कालनिर्देश त्यात असतो, पण दुय्यम. इंग्रजीतील भूतकाळाचा विचार पंचांगाच्या अंगाने करण्याऐवजी दूरत्वाच्या अंगाने केल्यास कोष्टकातील आणि कोष्टकाबाहेरील अनेक प्रयोग एका सूत्रात येतात.

प्रथम 'अगो' हा शब्द घ्यावा. आज तो क्रियाविशेषण म्हणून ओळखला जात असला तरी मुळात तसा नाही. मध्ययुगीन इंग्रजीत 'निघून जाणे' या अर्थाचे एक क्रियापद होते आणि 'अगो' हे त्याच्या भूतकालवाचक धातुसाधिताचे झिजलेले रूप आहे. 'थ्री यिअर्स अगो' म्हणजे अक्षरशः 'निघून गेलेली तीन वर्षे'. 'पास्ट' या शब्दाचा मूळ अर्थही 'ओलांडून गेलेले' असाच. मराठीतील 'गेल्या वर्षी' आणि संस्कृतातील 'गत' हे त्याच कुळातले. या कल्पनेत माणूस स्थिर असतो आणि काळ त्याच्यावरून वाहत जातो. मात्र 'झाले ते मागे टाकू या' अशा अर्थाचे बोलणे इंग्रजीत तितकेच रूढ आहे आणि त्यात काळ स्थिर राहून माणूस चालू लागतो. लेकॉफ आणि जॉन्सन यांनी १९८० साली रोजच्या भाषेतील रूपकांविषयी जे पुस्तक लिहिले, त्यात या दोन्ही कल्पना एकाच भाषेत सुखाने नांदतात हे त्यांनी दाखवून दिले. त्यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. 'बिफोर' या शब्दाचा मूळ अर्थ 'समोर' असा आहे आणि कालाच्या संदर्भात तो 'आधी' असा झाला. मराठीतही 'मागे एकदा' म्हणताना भूतकाळ पाठीशी असतो, तर 'पूर्वी' म्हणताना, पूर्व म्हणजे समोरची दिशा हा जुना अर्थ जमेस धरल्यास, तोच भूतकाळ समोर येतो.

व्युत्पत्तीपेक्षा महत्त्वाचा आहे तो 'अगो' आणि 'बिफोर' यांच्यातला व्यवहार. 'एट यिअर्स अगो' ही गणना नेहमी बोलण्याच्या क्षणापासून मागे होते. 'एट यिअर्स बिफोर' ही भूतकाळातीलच दुसऱ्या एखाद्या बिंदूपासून. १८५७ च्या उठावाविषयी लिहिणारा इतिहासकार पंजाबच्या विलीनीकरणाचा उल्लेख 'एट यिअर्स बिफोर' असा करील, कारण ते १८४९ साली झाले. तेथे त्याने 'अगो' वापरले तर वाचक आजपासून आठ वर्षे मोजू लागेल. मराठीत 'आठ वर्षांपूर्वी' हा एकच प्रयोग दोन्हीकडे चालतो आणि संदर्भाने निभावून नेतो. हान्स रायखेनबाख याने १९४७ साली कालविचारात क्रियेचा क्षण आणि बोलण्याचा क्षण यांच्या जोडीला संदर्भाचा तिसरा क्षण मानला. ज्याला तो तार्किक खटाटोप वाटत असेल त्याने या दोन साध्या शब्दांकडे पाहावे.

दिवसांची नावे तपासली तरी हेच आढळते. 'यस्टरडे' यातील 'यस्टर' हा संस्कृत 'ह्यस्'चा सख्खा भाऊ. दोन्ही इंडो-युरोपीय मूळ शब्दाची वंशजे. परंतु कालच्या आदल्या दिवसाला आजच्या इंग्रजीत एकेरी शब्द उरलेला नाही. जुने शब्द होते ते व्यवहारातून गेले आणि तेथे चार शब्दांची मोळी बांधावी लागते. मराठी माणूस 'परवा' म्हणून मोकळा होतो. आता गंमत अशी की, 'परवा' आणि 'द अदर डे' यांचा प्रवास जवळजवळ एकाच दिशेने झाला आहे. 'अदर' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ 'दुसरा' असा होता. 'एव्हरी अदर डे', म्हणजे एक दिवसाआड, या प्रयोगात तो अद्यापि टिकून आहे. 'द अदर डे' म्हणजेही एके काळी मोजून दुसरा दिवस. आज मात्र त्यात मोजदाद राहिलेली नाही. तो चार दिवसांपूर्वीचा असेल, पंधरा दिवसांपूर्वीचाही असेल. सांगायचे इतकेच असते की गोष्ट अजून ताजी आहे आणि तारखेला महत्त्व नाही. 'परवाच तर भेटला होता' असे म्हणणारा मराठी माणूसही आदल्या दिवसाचा हिशेब देत नसतो. भेद आहे तो एवढाच की, संस्कृत 'परश्वः' हा येणाऱ्या दिवसाचा शब्द, त्याचा वंशज 'परवा' मागे आणि पुढे दोन्हीकडे चालतो. 'द अदर डे' मात्र भूतकाळात अडकून पडला.

पाणिनीने भूतकाळाचे तीन लकार सांगताना लङ् हा अनद्यतन भूताला, म्हणजे आज न घडलेल्या गोष्टीला, आणि लिट् हा परोक्ष भूताला नेमून दिला. इंग्रजी प्रत्ययात असा भेद नाही. तरीही 'आज' आणि 'आज नव्हे' यांच्यातली रेघ ती भाषा ओढतेच, फक्त वेगळ्या साधनांनी. 'धिस मॉर्निंग' या शब्दांसह ब्रिटिश माणूस दुपारपूर्वी 'हॅव यू सीन' असे विचारतो आणि दुपार उलटल्यावर 'डिड यू सी' असे. सकाळ संपली की तिच्यातली क्रियाही तुटते. सतराव्या शतकातील फ्रेंच व्याकरणकारांनी, विशेषतः १६६० च्या पोर्ट-रॉयल व्याकरणाच्या कर्त्यांनी, आजच्या दिवसात घडलेल्या गोष्टीला अमुक भूतरूप लावू नये असा निर्बंध आपल्या भाषेपुरता घातला होता. इंग्रजीत असा निर्बंध कोणी घातला नाही, पण बोलणाऱ्यांच्या सवयीत तो काही प्रमाणात आपोआप उतरला.

दूरच्या टोकाला गेल्यावर मोजमाप आणखी सैल होते. 'डाँकीज यिअर्स', म्हणजे गाढवाची वर्षे, हा प्रयोग 'इअर्स' आणि 'यिअर्स' यांच्या उच्चारसादृश्यावरचा खेळ आहे. गाढवाचे कान लांब, म्हणून काळही लांब. याच्या अगदी उलट उदाहरण 'टाइम इमेमोरियल'चे. सर्वसामान्य बोलण्यात याचा अर्थ 'अनादि काळापासून' असा मोघम आहे. परंतु इंग्लंडच्या कायद्यात या अनादि काळाला प्रारंभ आहे. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने स्मरणाची मर्यादा पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणापर्यंत, म्हणजे ११८९ सालापर्यंत, आणून ठेवली. त्यापूर्वीचे ते स्मरणापलीकडचे! वहिवाटीचे हक्क ठरविण्यासाठी कोठेतरी रेघ मारणे न्यायालयांना भाग होते.

अलीकडे विशेष पसरलेला प्रयोग म्हणजे 'बॅक इन द डे'. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीतून तो आला आणि हिप-हॉप संगीताच्या लोकप्रियतेबरोबर विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत सर्वत्र गेला. यातील 'डे' कोणता, हे कोणी विचारीत नाही. तो वक्त्याच्या तारुण्याचा किंवा त्याच्या पिढीच्या उमेदीचा दिवस असतो. वीस वर्षांच्या तरुणाने म्हटले तर तो पाच वर्षांपूर्वीचा, साठीच्या गृहस्थाने म्हटले तर चाळीस वर्षांपूर्वीचा. 'इन माय डे' या जुन्या ब्रिटिश प्रयोगात 'आमच्या वेळी'सारखी किंचित तक्रार असते. 'बॅक इन द डे'मध्ये बहुधा ममत्व असते. या 'बॅक'कडे मात्र दुर्लक्ष होऊ नये. 'बॅक इन १९७५' आणि नुसते 'इन १९७५' यांत कालनिर्देश तोच आहे. 'बॅक' जोडल्याने श्रोत्याला सांगितले जाते की हा काळ येथून लांब आहे आणि आता आपण तिकडे जात आहोत.

आता 'यूज्ड टु' या प्रयोगाकडे वळावे. त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे, कारण मराठी अभ्यासकाची सर्वाधिक फसगत येथेच होते. 'यूज' या क्रियापदाचा 'सवय असणे' हा अर्थ एके काळी सर्व काळांत चालत असे; सतराव्या शतकातील इंग्रजीत वर्तमानकाळी 'तो असे करीत असतो' या अर्थीही तो सापडतो. पुढे वर्तमानातील हा प्रयोग मावळला आणि भूतरूप तेवढे गोठून राहिले. उच्चारही फुटला. 'वापरले' या अर्थीच्या 'यूज्ड'मध्ये 'झ'चा घोष ध्वनी आहे, तर सवयीच्या 'यूज्ड टु'मध्ये तो जाऊन 'यूस्टु' असे एकजीव झालेले रूप ऐकू येते. क्रियापदाचे साहाय्यकात रूपांतर होताना शब्द कसे झिजतात याचे हे चांगले उदाहरण आहे.

'यूज्ड टु'चे भाषांतर मराठीत 'करीत असे', 'करी' किंवा बोलीतल्या 'करायचा'ने होते आणि व्याकरणदृष्ट्या ते बरोबर आहे. मराठीला रीतिभूताचे स्वतंत्र रूप असल्यामुळे या बाबतीत ती इंग्रजीहून संपन्नच म्हटली पाहिजे. परंतु 'ही यूज्ड टु स्मोक' या वाक्याचा इंग्रज श्रोत्याला होणारा बोध 'तो धूम्रपान करीत असे' एवढाच नसतो. 'आता करीत नाही' हाही असतो. हा दुसरा अर्थ शब्दाच्या अभिधेत नाही. तसा असता तर 'तो पूर्वी धूम्रपान करीत असे आणि आजही करतो' हे इंग्रजी वाक्य वदतोव्याघात ठरले असते. तसे ते ठरत नाही, केवळ चमत्कारिक वाटते. पॉल ग्राइस याने १९६७ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत जो संभाषणातील व्यंजित अर्थाचा विचार मांडला, त्याचे हे सुबोध उदाहरण होय. सवय आजही चालू असेल तर वर्तमानकाळ हाताशी असताना बोलणाऱ्याने भूतकाळाची वाट का धरावी, असा प्रश्न श्रोता नकळत विचारतो आणि उत्तर स्वतःच काढतो. अमेरिकन विनोदकार मिच हेडबर्ग याचा अमली पदार्थांच्या सवयीविषयीचा प्रसिद्ध विनोद याच सांध्यावर उभा आहे: पूर्वी घेत असे असे म्हणावे, श्रोत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकावा, आणि मग सांगावे की आताही घेतो, पण पूर्वीही घेत होतो. मराठीत हा विनोद 'करीत असे' या रूपावर तितकासा उभा राहत नाही. तेथे 'पूर्वी' या शब्दाला ते काम करावे लागते.

'यूज्ड टु'च्या जोडीला 'वुड' येतो, परंतु दोघांची कामे भिन्न आहेत. 'वुड'ला आधी ठरलेला काळ लागतो. कोणी म्हातारा इंग्रज आपल्या बालपणाविषयी सांगू लागला तर पहिले वाक्य बहुधा 'यूज्ड टु'चे असते: उन्हाळ्यात आम्ही आजोबांकडे जात असू. रंगभूमी एकदा सजली की पुढची वाक्ये 'वुड'वर चालतात: आजोबा पहाटे उठत, आम्हाला घेऊन ओढ्यावर जात. क्रम उलटा केला तर श्रोता चाचपडतो, कारण 'वुड' हे रूप संकेतार्थाचेही असल्याने 'कोणत्या अटीवर?' असा संशय उत्पन्न होतो. शिवाय स्थितिवाचक क्रियापदांशी 'वुड'चे जमत नाही. 'तेथे एक वडाचे झाड होते, आता नाही' हे 'यूज्ड टु'ने सांगता येते, 'वुड'ने नाही. मराठीतील 'जाई, करी, बोले' या रूपांचा कथनातला उपयोग या 'वुड'ला फार जवळचा आहे, आणि जुन्या आत्मचरित्रांचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्याने प्रत्येक 'करी'साठी 'यूज्ड टु' घालून वाक्ये जड करण्यापेक्षा हा पर्याय वापरावा.

पाठ्यपुस्तकांचे लक्ष या दोन प्रयोगांवर असले तरी प्रत्यक्षातला कल निराळा आहे. सॅली टॅग्लियामाँटे आणि हेलन लॉरेन्स यांनी इंग्लंडातील यॉर्क शहरातल्या रहिवाशांच्या ध्वनिमुद्रित बोलण्यातील रीतिभूताचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. सवयीच्या गोष्टी सांगताना बहुसंख्य ठिकाणी लोक साधे भूतरूपच वापरतात, 'यूज्ड टु' त्याच्या बराच मागे आणि 'वुड' त्याहूनही मागे, असे त्यात दिसून आले. म्हणजे 'यूज्ड टु' वापरणे ही निवड आहे. आणि जेथे निवड आहे तेथे अर्थ आहे.

पूर्ण वर्तमान आणि साधा भूत यांच्या भेदाविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे थोडक्यात आटोपता येईल. 'आय हॅव लिव्ह्ड इन लीड्स फॉर टेन यिअर्स' म्हणणारा अजून लीड्समध्ये राहतो. 'आय लिव्ह्ड' म्हणणाऱ्याने ते सोडले आहे. वृत्तपत्रातील बातमीचे पहिले वाक्य पूर्ण वर्तमानात आणि तपशील साध्या भूतात येतो, कारण बातमी आजची आणि घटना कालची. अमेरिकेत मात्र 'आत्ताच', 'अजून' या अर्थाच्या शब्दांबरोबर साधा भूत सर्रास चालतो आणि 'डिड यू ईट यट' यात तेथे कोणाला उणे वाटत नाही.

यापेक्षा आपल्याकडच्या एका सवयीचा उल्लेख अधिक उपयुक्त ठरेल. 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. 'गेलो होतो' यात जाऊन परत आल्याचा, क्रियेचा परिणाम आता उरला नसल्याचा भाव आहे. याचे 'आय हॅड गॉन टु पूना यस्टरडे' असे इंग्रजी आपल्याकडे सर्वत्र ऐकू येते. ब्रिटिश श्रोता हे ऐकून थांबतो. 'हॅड गॉन'ने त्याला भूतकाळातला आणखी एक बिंदू हवा असतो: कशाच्या आधी गेला होतात? तो बिंदू वाक्यात येतच नाही. भारतीय इंग्रजीचा हा आता स्थिर झालेला विशेष आहे आणि त्याला केवळ चूक म्हणून झटकून टाकणे भाषाशास्त्राला शोभणार नाही; पण तो विशेष आहे याची जाणीव बोलणाऱ्याला असावी.

दूरत्वाचे सूत्र खरे असेल तर एक गोष्ट त्यातून निघाली पाहिजे: जेथे काळाचा संबंध नाही परंतु अंतर राखायचे आहे, तेथेही भूतरूप यावे. तसे ते येते. 'आय वॉज वंडरिंग', 'आय वाँटेड टु आस्क', 'व्हॉट वॉज युअर नेम' या वाक्यांत विचारणाऱ्याची इच्छा कालची नसते आणि श्रोत्याचे नावही बदललेले नसते. विनंती एक पाऊल मागे ठेवून केली की नाकारणाऱ्याला नाकारणे सोपे जाते. 'मला जरा विचारायचे होते' किंवा 'काय नाव म्हणालात आपण?' असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मार्टिन जूस याने १९६४ साली इंग्रजी क्रियापदावरील आपल्या ग्रंथात भूतकाळाला 'दूरकाळ' अशा अर्थाचे नावच दिले आणि असत्य संकेत तसेच कालातीत अंतर त्याखाली एकत्र आणले. जूसच्या सर्वच निष्कर्षांशी सहमत होणे कठीण आहे. हे नाव मात्र मार्मिक आहे.

याच्या उलट, अंतर मिटवायचे असेल तेव्हा भूतकाळची गोष्ट वर्तमानकाळात सांगितली जाते. 'सो ही कम्स अप टु मी अँड ही सेझ' अशी वाक्ये इंग्रजी गप्पांत पावलोपावली आढळतात. प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्यासाठी ही युक्ती असते, हे जुने स्पष्टीकरण पूर्णपणे खोटे नाही. परंतु नेसा वुल्फसन हिने १९८२ च्या ग्रंथात दाखविले की, सांगणारा अखंड वर्तमानकाळात राहत नाही; तो सारखा भूत आणि वर्तमान यांच्यात ये-जा करतो, आणि कथेचे भाग पाडण्याचे काम ही ये-जाच करते. बार्बरा जॉन्स्टन हिने १९८७ साली अमेरिकन निवेदनांतील आणखी एक बारकावा टिपला. पोलीस किंवा वरिष्ठ अशा अधिकारी व्यक्तीशी झालेली बोलाचाली सांगताना त्या अधिकाऱ्याचे बोलणे 'ही सेझ' असे वर्तमानात आणि स्वतःचे 'आय सेड' असे भूतात देण्याकडे कल दिसतो. साक्षीदाराच्या जबानीचे मराठी भाषांतर करताना या सर्व रूपांना सरसकट 'म्हणाला' करून टाकले की वाक्य नीटस होते, पण बोलणाऱ्याने कोणाला कोठे उभे केले होते ते पुसले जाते.

जबानीचा विषय निघालाच आहे, तर भूतरूपाच्या एका परिणामाचा विचार करणे प्राप्त आहे, कारण त्यात माणसांचे भवितव्य गुंतलेले असते. 'ग्रेगरी अमेरिकेचा होता' या अर्थाचे वाक्य इंग्रजीत कानी पडताच ग्रेगरी मरण पावला असावा असे वाटते. मूळ गाव, डोळ्यांचा रंग यांसारखे गुणधर्म माणसाला जन्मभर चिकटलेले. ते भूतकाळात टाकले म्हणजे माणूसच भूतकाळात गेला. रेनाटे मूझान हिने १९९७ साली या 'आयुर्मर्यादेच्या परिणामा'ची मीमांसा केली आणि तोही व्यंजित अर्थच आहे, क्रियारूपाचा वाच्यार्थ नव्हे, असे प्रतिपादन केले. संदर्भ निराळा असला तर तो नाहीसा होतो: 'काल एका गृहस्थाची गाठ पडली, तो अमेरिकेचा होता' यात कोणी मेलेले नाही.

हा परिणाम पोलिसांच्या नजरेतून सुटला नाही. ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील युनियन या गावी सुझन स्मिथ नावाच्या स्त्रीने, एका कृष्णवर्णीय अनोळखी इसमाने आपली मोटार दोन लहान मुलांसह पळवून नेली, अशी तक्रार केली. नऊ दिवसांनी तिने स्वतःच मोटार तळ्यात सोडून मुलांना बुडविल्याची कबुली दिली. १९९५ साली तिला जन्मठेप झाली. शोध चालू असताना वार्ताहरांशी बोलताना तिने मुलांना आपण हव्या होतो, आपली गरज होती, अशा अर्थाची वाक्ये भूतकाळात उच्चारली होती, तर मुलांचा पिता त्यांच्याविषयी वर्तमान आणि भविष्यकाळात बोलत होता. सुझन अ‍ॅडम्स हिने फेडरल ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनच्या पत्रिकेत ऑक्टोबर १९९६ मध्ये लिहिलेल्या लेखात या भेदाकडे लक्ष वेधले आणि संशयिताच्या जबानीतील क्रियापदांचे काळ तपासावे असे सुचविले. तेव्हापासून हे उदाहरण पोलीस-प्रशिक्षणात आणि वृत्तपत्रांत वारंवार येत राहिले आहे.

निकाल ठाऊक झाल्यावर हे निरीक्षण बिनतोड वाटते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यात मोठी उणीव आहे. 'अमेरिकेचा असणे' हा स्थायी गुणधर्म होय. 'गरज असणे' हा तसा नव्हे. मुलांना पळवून नेले त्या क्षणी त्यांना माझी गरज होती, असा अर्थ त्याच 'नीडेड' रूपाने सहज व्यक्त होतो, आणि खरोखरच अपहरण झालेल्या मुलांची निरपराध आईही तो क्षण आठवताना नेमके हेच रूप वापरील. इंग्रजीत त्यासाठी निराळे रूप उपलब्धच नाही. दोन्ही वाचने व्याकरणाने सारखीच शक्य असताना एकीची निवड केवळ रूपावरून करणे म्हणजे व्यंजनेला अभिधा मानणे होय. तपासाला दिशा मिळण्यापुरता अशा निरीक्षणाचा उपयोग असेल. तो पुरावा नव्हे, आणि या प्रकरणातही दोषसिद्धीचा आधार कबुलीजबाब हाच होता, क्रियापदाचा काळ नव्हे. उलट बाजूने पाहिले तर, ज्या अज्ञात कृष्णवर्णीय इसमाचे वर्णन देशभर प्रसृत झाले, त्याच्याविषयीची तिची सारी वाक्ये काळाच्या दृष्टीने अगदी निर्दोष होती.

बोलणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी नसेल तर हा धोका वाढतो. हरवलेल्या मित्राविषयी ब्रिटनमधील ठाण्यावर चौकशी होत असता एखादा मराठी विद्यार्थी 'आय हॅड सीन हिम यस्टरडे' असे सांगेल, आणि त्याच्या मनात 'काल पाहिला होता' एवढेच असेल. लिहून घेणारा अधिकारी मात्र त्या 'हॅड'नंतरची दुसरी घटना शोधू लागेल. ती न सांगितल्याबद्दल विद्यार्थ्याला पुन्हा विचारील. आणि दुसऱ्या खेपेस विद्यार्थ्याने गोंधळून 'आय सॉ हिम' असे म्हटले तर टिपणात दोन निराळ्या जबान्या पडतील.